स्वयंवराचे मानसशास्त्र आणि कन्यादानातील मोटार

१

महागडी मोटार आणि लैंगिक आकर्षण यांच्या संबंधाविषयी गेल्या काही दशकांत जे मानसशास्त्रीय लेखन झाले, त्याचा सूर नवा शोध लागल्याचा असला तरी मुळात ते एका प्राचीन कथेचे पुनर्कथन आहे. पुरुष वैभव मिरवतो, स्त्री ते पाहते, तुलना करते आणि निवडते. मोटार हा त्या निवडीसाठी मांडलेला पुरावा. ही कथा स्वयंवराची आहे. राजसभेच्या जागी महानगरातील रस्ता आला, पराक्रमाच्या वर्णनाच्या जागी इंजिनाची शक्ती आली. माळ मात्र स्त्रीच्याच हाती राहिली, असे ही उपपत्ती गृहीत धरते. बीड जिल्ह्यासारख्या प्रदेशात ती लावून पाहिली, तर नेमके हे शेवटचे गृहीतकच टिकत नाही. येथे मोटार स्त्रीला जिंकण्यासाठी पुरुषाने कमावलेली वस्तू नसून, स्त्रीसोबत तिच्या पित्याकडून पुरुषाला पोचवली जाणारी वस्तू आहे. या एका वस्तुस्थितीचा अर्थ नीट लावला, तर वाहन आणि कामवासना यांच्या संबंधाविषयीचे मानसशास्त्र अपुरे ठरतेच. शिवाय त्या मानसशास्त्राची री ओढणारी मराठी समीक्षाही अडचणीत येते.

कोणत्याही उपपत्तीचे खंडन करताना ती तिच्या सर्वांत समर्थ रूपात मांडली पाहिजे. थॉर्स्टीन वेब्लेनने १८९९ मध्ये प्रदर्शनासाठी केलेल्या उपभोगाची मीमांसा केली, तेव्हा त्याच्यापुढे वर्गीय प्रतिष्ठेचा प्रश्न होता. १९७५ मध्ये आमोत्झ झहावी या जीवशास्त्रज्ञाने असे सुचवले, की मोराचा पिसारा मोराला अडचणीचाच असतो, आणि म्हणूनच तो त्याच्या सशक्ततेचा विश्वसनीय पुरावा ठरतो. दुर्बळाला ती चैन परवडणार नाही. या दोन विचारांच्या संयोगातून मोटारीचे नवे मानसशास्त्र जन्मले. २००९ मध्ये गॅड साद आणि जॉन व्हॉन्गस यांनी कॅनडात केलेल्या प्रयोगात, महागडी पोर्श चालवल्यानंतर तरुणांच्या शरीरातील पुरुषी संप्रेरकाची पातळी वाढलेली आढळली. २०१० मध्ये डन आणि सर्ल यांनी ब्रिटनमध्ये एकाच पुरुषाला कधी बेंटलीत तर कधी साध्या फोर्ड फिएस्टात बसवून त्याची छायाचित्रे स्त्रियांना दाखवली. बेंटलीतला तोच पुरुष त्यांना अधिक आकर्षक वाटला. हाच प्रयोग स्त्रीला मोटारीत बसवून पुरुषांवर केला, तेव्हा असा परिणाम दिसला नाही. २०११ मध्ये जिल सन्डी आणि तिच्या सहकाऱ्यांनी या चित्राला एक महत्त्वाची पुरवणी जोडली : पोर्श घेणारा पुरुष स्त्रियांना अल्पकाळच्या भेटीगाठींसाठी अधिक हवासा वाटला, विवाहासाठी मात्र नाही. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच मोर, पोर्श आणि वेब्लेन एकत्र नांदतात.

हे निष्कर्ष खोटे आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. ज्या समाजात ते काढले गेले, तेथे स्त्री एकटी रस्त्यावर येते, परपुरुषाकडे पाहते, त्याच्याबरोबर एक संध्याकाळ घालवून दुसऱ्या दिवशी त्याला नाकारू शकते. आक्षेप आहे तो या सामाजिक व्यवस्थेला मनुष्यस्वभाव म्हणण्याला. प्रयोगशाळेत स्त्रीच्या हाती छायाचित्र दिले, त्या क्षणीच तिला निवडीचा अधिकार बहाल केला गेला होता. तो अधिकार कोठून आला, हा प्रश्न प्रयोगाच्या चौकटीत बसत नाही.

२

मानसशास्त्राच्या या मांडणीतील गोंधळ भारतीय काव्यशास्त्रातील एका साध्या भेदाने स्पष्ट होतो. शृंगाररसात रती हा स्थायीभाव. नायक आणि नायिका हे परस्परांचे आलंबन विभाव. चंद्र, वसंत, उपवन, मलयानिल ही उद्दीपने. उद्दीपन रतीला प्रज्वलित करते, पण रतीचा विषय होत नाही. चंद्रासाठी कोणी अभिसाराला निघत नाही.

प्रश्न असा, की मोटारीच्या जाहिरातीत आलंबन कोणते आणि उद्दीपन कोणते? मानसशास्त्र मोटारीला उद्दीपन मानते : स्त्रीची रती पुरुषाच्या ठायी, आणि मोटार तिला फुंकर घालणारी. पण जाहिरातीची संहिता वेगळेच सांगते. मोटारीच्या दाराशी रेललेली तरुणी त्या चित्रातून काढून टाकली, तरी जाहिरात उरते, केवळ फिकी पडते. मोटार काढून टाकली तर जाहिरातच उरत नाही. म्हणजे रतीचा विषय मोटार आहे आणि स्त्री ही चंद्र-वसंताच्या रांगेत जाऊन बसली आहे. स्त्रीचा उपयोग पुरुषाच्या मनात मोटारीविषयी अभिलाषा जागवण्यासाठी केला आहे. मोटारीने पुरुषाला स्त्री मिळते हे विधान जाहिरात वरवर करते, आणि तिची संरचना मात्र स्त्रीच्या साहाय्याने पुरुषाला मोटारीकडे नेते.

प्रेरणासंशोधनाच्या धंद्यात हे फार पूर्वी उघड झाले होते. अर्नेस्ट डिख्टर याने १९३९ मध्ये अमेरिकेतील प्लिमथ मोटारीसाठी केलेल्या अभ्यासाचा बोलबाला झाला, तो त्यातील एका समीकरणामुळे : उघड्या टपाची मोटार म्हणजे प्रेयसी आणि बंद मोटार म्हणजे पत्नी, पुरुष पहिलीकडे पाहत दुकानात शिरतो आणि दुसरी घेऊन बाहेर पडतो. व्हान्स पॅकार्डने १९५७ च्या आपल्या पुस्तकात जाहिरातदारांच्या या युक्त्यांवर टीका करताना हे समीकरण सर्वतोमुखी केले. त्यात स्त्री कोठे आहे, हे पाहण्यासारखे आहे. मोटारीला स्त्रीची उपमा दिली की स्त्री पाहणारी राहत नाही. ती पाहिली जाणारी, निवडली जाणारी वस्तू होते. १९५७ मध्येच रोलाँ बार्तने सित्रोएनच्या नव्या मोटारीवर लिहिताना मोटारींची तुलना गॉथिक कॅथिड्रलांशी केली आणि प्रदर्शनातील प्रेक्षक त्या मोटारीला कसे स्पर्श करून पाहतात याची नोंद केली. तेथेही रतीचे आलंबन धातू आणि काच हेच आहे.

ज्या शृंगारात रती दोहोंच्या ठायी नसते, त्याला आपल्या शास्त्राने रस म्हटलेले नाही. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त अशा एकतर्फी रतीची गणना रसाभासाच्या कारणांत केली आहे. मोटारीच्या जाहिरातीतील शृंगार हा या काटेकोर अर्थाने रसाभास आहे. आजच्या मानसशास्त्राने या आभासाला वस्तुस्थिती समजून त्याची मोजमापे घेतली.

३

आता बीडकडे वळावे. या जिल्ह्यात वाहनाची प्रतिष्ठा कशी वाढली हे समजण्यासाठी प्रवासाचा इतिहास लक्षात घ्यावा लागतो. परळीला लोहमार्ग फार पूर्वीपासून होता. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बीड शहरात मात्र प्रवासी रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरहून. तोवर प्रवासाची साधने म्हणजे एसटी, काळी-पिवळी जीप आणि ज्याच्याकडे असेल त्याची मोटारसायकल वा चारचाकी. अशा प्रदेशात स्वतःचे वाहन असणे म्हणजे दुसऱ्याच्या वेळापत्रकातून सुटणे. वाहनाच्या अभिलाषेला येथे खरी गरज चिकटलेली आहे, आणि तिची थट्टा करणे हे शहरी औद्धत्य ठरेल.

पण ही अभिलाषा पुरी करण्याचा मार्ग कोणता? मराठवाड्यातील अनेक शेतकरी आणि कारागीर जातींत एके काळी देज घेण्याची रीत होती; वरपक्ष वधूपक्षाला द्रव्य देत असे. स्त्रीचे श्रम एका घरातून दुसऱ्या घरात जात आणि त्यांची भरपाई मागितली जाई. विसाव्या शतकात, शिक्षण आणि नोकरी पुरुषाच्या वाट्याला आधी आली तसतशी ही दिशा उलटली. उच्चवर्णीयांची वरदक्षिणा हुंड्याच्या रूपाने खाली झिरपली आणि देज हा शब्द मागे पडला. हुंड्याबरोबर वस्तूंची यादी आली : आधी घड्याळ आणि सायकल, मग रेडिओ, मग मोटारसायकल, आणि जमीन, नोकरी किंवा राजकीय पद असलेल्या वरासाठी चारचाकी. ज्या व्यवहाराची दिशा दोन-तीन पिढ्यांत पूर्णपणे उलटू शकते, त्याचे स्पष्टीकरण लक्षावधी वर्षांच्या उत्क्रांतीतून देता येत नाही. मोराचा पिसारा लांडोरीचा बाप कर्ज काढून विकत घेतो, असे दृश्य झहावीच्या उपपत्तीत कोठेच बसत नाही. तेथे पिसारा सामर्थ्याचा पुरावा ठरतो, कारण त्याचा भार मोर स्वतः वाहतो. येथे भार एकाचा आणि पिसारा दुसऱ्याचा. मग तो नेमका कशाचा पुरावा? वराच्या सामर्थ्याचा की वधूपित्याच्या शरणागतीचा?

या व्यवहाराची भाषा अभ्यासण्याजोगी आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा देणे, घेणे आणि मागणे हे गुन्हे ठरवले. मागणीवाचून दिलेल्या भेटींना यादी ठेवण्याच्या अटीवर सूट दिली. या सुटीने बोलीभाषेत एक संपूर्ण परिभाषा निर्माण केली. वरपक्ष म्हणतो, ‘आमची काही मागणी नाही, तुमच्या हौसेने काय करायचे ते करा.’ वधूपक्ष म्हणतो, ‘एकुलती एक लेक आहे, आमची हौस आहे.’ मराठीत इच्छेसाठी शब्दांची वाण नाही : वासना, कामना, ओढ, आस, असोशी. त्यांतून या प्रसंगासाठी निवडला गेला तो हौस हा सर्वांत निरागस शब्द. आणि तो वधूच्या, वराच्या वा त्याच्या बापाच्या तोंडी न घालता ज्याच्या खिशाला कात्री लागते त्याच्या तोंडी घातला गेला. मोटार हवी असते एकाला आणि हौस असते दुसऱ्याला. इच्छेचे असे स्थलांतर कोणत्याही मनोविश्लेषकाने थांबून पाहावे असे आहे. वधूची इच्छा या संवादात कोणत्याच शब्दाने येत नाही.

मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील एका विवाहितेच्या मृत्यूनंतर महाराष्ट्रात जी खळबळ उडाली, तिचे केंद्र लग्नात दिलेली टोयोटा फॉर्च्युनर हेच होते. हुंड्यासाठी छळ झाल्याचे आरोप, पोलिसी कारवाई, न्यायालय हे सर्व यथाक्रम झाले. पण लोकांच्या मनात राहिले ते एक छायाचित्र : मांडवात गाडीची चावी देण्याचा समारंभ आणि त्यात राज्यातील एक वरिष्ठ नेता. चावी पुरुषांच्या हातांतून पुरुषाच्या हाती गेली. त्या छायाचित्राची संरचना समजण्यासाठी संप्रेरकांची मोजणी उपयोगाची नाही. क्लोद लेव्ही-स्त्रोसने १९४९ मध्ये विवाहाचे वर्णन पुरुषगटांमधील देवघेव असे केले होते. गेल रुबिनने १९७५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्या देवघेवीला स्त्रियांची वाहतूक म्हटले. पुण्याच्या त्या मांडवात वाहतूक हा शब्द अलंकारिक राहिला नाही.

मराठवाड्यातील लग्नात परण्या निघतो. नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो आणि मांडवात येतो. वाहनाचा विधी असा विवाहविधीतच गोवलेला आहे. दलित नवरदेवाने घोड्यावर बसू नये म्हणून अनेक गावांत झालेले तंटे हे सांगतात, की वाहन म्हणजे कोणी कोणासमोर उंच बसावे याचा नियम. तो नियम वधूसाठी केलेला नाही. तो गावातील पुरुषांनी पुरुषांसाठी केलेला आहे. घोड्याची जागा मोटारीने घेतली, तेव्हा हा नियमही मोटारीत येऊन बसला.

४

येथे एक आक्षेप संभवतो. वधूंची संख्या घटली तर निवडीची सत्ता आपोआप स्त्रीकडे जाईल आणि मानसशास्त्राची कथा बीडमध्येही खरी ठरेल, असे म्हणता येईल. बीडने दुर्दैवाने हा प्रयोग करून पाहिला आहे. सहा वर्षांखालील मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात ८९४ होती. २०११ मध्ये ती ८०७ वर आली, आणि राज्यात सर्वांत कमी ठरली. २०१२ मध्ये परळीतील गर्भपातांचे प्रकरण देशभर गाजले. आज विवाहाच्या वयात येणारी पिढी ही याच आकड्यांमधली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी मागितली. वधू नसलेले नवरदेव वाहनावर आरूढ होऊन शासनाच्या दारी जातात, या दृश्यातील कारुण्य आणि विडंबन दोन्ही खरी आहेत. स्वयंवराची उपपत्ती खरी असती, तर अशा टंचाईत हुंडा संपायला हवा होता आणि देज परतायला हवी होती. शेती करणाऱ्या गरीब वराबाबत काही ठिकाणी पैशाची दिशा बदललीही. पण नोकरी, जमीन आणि पुढारीपण असलेल्या घरांत मोटारीचा प्रवाह वधूकडून वराकडेच राहिला. टंचाईमुळे स्त्रीची किंमत वाढली, असे कोणी म्हणेल. किंमत वाढणे आणि निवडीचा अधिकार मिळणे यांत अंतर आहे, हे त्याच्या लक्षात आलेले नसते.

बीडच्या अर्थव्यवस्थेतील आणखी एक शब्द येथे विचारात घेतला पाहिजे. राज्याला ऊसतोड मजूर पुरवणारा हा प्रमुख जिल्हा. या व्यवसायात श्रमाचे एकक कोयता आहे, आणि एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकट्या पुरुषाला अर्धा कोयता म्हणतात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. म्हणजे विवाह हा येथे कामगार म्हणून नोंदले जाण्याची पूर्वअट आहे. हंगामापूर्वी मुलींची लग्ने लवकर उरकली जातात, त्यामागे हे गणित असते. २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीने बीडमधील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. पाळीच्या दिवसांत किंवा दुखण्यात काम बुडाले तर दंड बसतो. शरीराचा तो भाग कामाआड येतो, म्हणून तो काढला जातो.

ज्या जिल्ह्यात स्त्रीचे लैंगिक शरीर श्रमाच्या हिशोबात असे कापले जाते, तेथे स्त्रीच्या लैंगिक आकर्षणाविषयी बोलताना मानसशास्त्राने आवाज थोडा खाली आणावा. या कोयत्याने तोडलेला ऊस बैलांच्या टायरगाडीतून, ट्रॅक्टरमधून, ट्रकमधून कारखान्यावर जातो, आणि त्या साखळीत वरच्या पायरीवर असलेल्या मुकादमाच्या दारात जीप येते. जीपचे तेज आणि उसाच्या फडातील अंधार यांना जोडणारा रस्ता एकच आहे. आकर्षणाचे मानसशास्त्र त्या रस्त्याच्या वरच्या टोकाशी उभे राहून जीपकडे पाहणाऱ्यांची नाडी मोजते.

५

मग मोटार कोणासाठी मिरवली जाते? याचे उत्तर मराठवाड्याने २०१० मध्ये सर्व देशाला दिले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील, आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, उद्योजक, व्यावसायिक आणि इतर धनिकांनी गट करून एकदम १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता. सामूहिक खरेदीने किंमत कमी व्हावी आणि या शहरातही पैसा आहे हे बाहेरच्यांना कळावे, असा तिचा हेतू सांगितला गेला. राष्ट्रीयीकृत बँकेने या मोटारींसाठी सात टक्क्यांनी कर्ज दिले, पी. साईनाथ यांनी तेव्हाच तो दर आणि मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरकर्जाचा त्याच्या दुपटीहून अधिक असलेला दर शेजारी ठेवून दाखवला होता.

या घटनेत लैंगिक आकर्षणाला वाव कोठे आहे? मोराचा पिसारा एकट्या मोराचा असतो. दीडशे मोरांनी सवलतीत घाऊक पिसारे घेतल्याचे उदाहरण निसर्गात नाही. तो संदेश होता पुरुषांनी पुरुषांना दिलेला : मुंबई-पुण्याच्या भांडवलदारांना, राजधानीतल्या सत्ताधाऱ्यांना, आणि गटात न आलेल्या शेजाऱ्याला. रने जिरार याने १९६१ मध्ये इच्छेच्या अनुकरणशीलतेचा सिद्धांत मांडला : वस्तू हवीशी वाटते कारण ती दुसऱ्याला हवी असते, आणि खरा संबंध असतो तो त्या दुसऱ्याशी. ईव्ह सेजविक हिने १९८५ मध्ये याच त्रिकोणाचे स्त्रीवादी वाचन करून दाखवले, की दोन पुरुषांमधील स्त्री ही अनेकदा त्यांच्या परस्परसंबंधाची केवळ वाहिनी असते. मराठवाड्यात ही वाहिनीची भूमिका स्त्री आणि मोटार आळीपाळीने बजावतात.

वाहनाची क्रमांकपाटी ही या व्यवहाराची सर्वांत छोटी संहिता. एमएच २३ या बीडच्या किंवा एमएच ४४ या अंबाजोगाईच्या मालिकेतील पसंतीचा क्रमांक मिळवण्यासाठी शासनाकडे जादा शुल्क भरले जाते, आणि मग अंकांना अक्षरांचे वळण दिले जाते : ४१४१ चा ‘दादा’ होतो, ४९१२ चा ‘पवार’. मागच्या काचेवर आई-वडिलांचा आशीर्वाद असतो, किंवा नेत्याचे चित्र. या अक्षरांत वडील भावाचे नाते आहे, कुळाचे नाव आहे, पक्षनिष्ठा आहे. प्रेयसीला तेथे जागा नाही. लैंगिक आकर्षणाचे प्रमुख साधन म्हणून जी वस्तू सांगितली जाते, तिच्यावर पुरुषाने स्वतःच्या हाताने लिहिलेला सर्व मजकूर पुरुषांना उद्देशून आहे. हा पुरावा कोणत्याही छायाचित्र-प्रयोगापेक्षा कमी मोलाचा नाही. पुढाऱ्याच्या ताफ्यात धावणाऱ्या पंधरा-वीस गाड्यांचा अन्वयही याच दिशेने लागतो. ताफ्यातील तरुणाला ज्याच्या दृष्टीस पडायचे असते, तो पहिल्या गाडीत बसलेला असतो.

मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाला मित्राची वा भाड्याची मोटार नेणारे वरपक्ष आहेत, आणि हे उदाहरण मानसशास्त्राच्या बाजूने सांगितले जाते. पण त्या दिवशी मोटार पाहतो कोण? अंगणात उभे असलेले वडील, चुलते, मामा. मुलगी आत पोह्यांच्या बशा भरत असते, आणि बाहेर येते तेव्हा तिने खाली पाहावे अशी अपेक्षा असते. आजच्या शिकलेल्या मुली नोकरी असलेला, शहरात राहणारा नवरा हवा असे स्पष्ट सांगतात, हेही खरे. या मागणीत मोटारीची वासना शोधणे म्हणजे कोयत्यातून सुटण्याच्या धडपडीला छानछोकी म्हणणे होय. सन्डीच्या प्रयोगातील स्त्रियांनीदेखील विवाहासाठी पोर्शला जादा गुण दिले नव्हते.

६

मराठी समीक्षेची जबाबदारी येथे सुरू होते. गेल्या तीन-चार दशकांत ग्रामीण कथा-कादंबरीतील आणि चित्रपटातील बुलेट, जीप, ट्रॅक्टर यांचे वाचन करण्याची एक ठराविक पद्धत पडून गेली आहे. वाहन आले की ते पौरुषाचे कामप्रतीक. त्याचा वेग म्हणजे वासनेचा वेग. त्याचा अपघात म्हणजे वासनेचे पतन. फ्रॉइडच्या नावाने चालणारे हे प्रतीकवाचन पदव्युत्तर प्रबंधांतून इतके सवयीचे झाले आहे, की त्यासाठी संहिता वाचण्याचीही गरज उरत नाही. त्याचा दोष ते अश्लील आहे हा नव्हे. दोष हा, की ते वाहनाला पुरुषाच्या शरीराचा विस्तार मानते आणि त्यामुळे वाहन कोणाच्या पैशाने आले, कोणाला दाखवले गेले, कोण त्यात बसू शकले नाही, हे प्रश्न विचारात घेतच नाही. हुंड्यातून आलेल्या मोटारसायकलीला वराच्या पौरुषाचे प्रतीक म्हणणारा समीक्षक नकळत वरपक्षाचीच बाजू मांडत असतो. कारण वरपक्षाचेही म्हणणे हेच असते, की आमच्या मुलाला ती शोभते.

‘सैराट’ (२०१६) या नागराज मंजुळे यांच्या चित्रपटाची चर्चा हे या उणिवेचे उदाहरण म्हणून पाहता येईल. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आणि प्रेक्षक तिच्यावर लुब्ध झाला. प्रतीकवादी वाचनाला येथे मुलीने पौरुष धारण केल्याचे दिसले. पण चित्रपटाची संरचना निराळी आहे. त्या भूभागात जे वाहन पुरुषांनी पुरुषांकडे न्यायचे असते, ते एक मुलगी स्वतः चालवू लागते आणि आपल्या पसंतीच्या दिशेला नेते. हे खरोखरीचे स्वयंवर आहे. ज्या मुलाकडे ती जाते त्याच्याजवळ मिरवण्यासारखे वाहन नाही. तो मासेमारी करणाऱ्या गरीब घरातला आहे. म्हणजे स्त्रीची निवड चित्रपटात खऱ्या अर्थाने घडते, तेव्हा मानसशास्त्राच्या नियमाविरुद्ध घडते. आणि तिची शिक्षा देण्यासाठी माहेरची माणसे येतात, ती भेटवस्तू घेऊन. वधूपक्षाची भेट आणि वधूचा मृत्यू यांचे साहचर्य या शेवटात इतके उघड असताना समीक्षा बुलेटच्या प्रतीकापाशीच रेंगाळली.

स्त्रियांच्या स्वतःच्या संहितेकडे वळले तर वाहनाचा अर्थ आणखी बदलतो. गी पॉइट्व्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या संग्रहित झाल्या. त्यात १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरात स्त्रियांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही आहेत. ओवीच्या परंपरेत गाडी वारंवार येते, आणि ती बहुधा भावाची असते : सणाला बहिणीला माहेरी नेण्यासाठी आलेली. वाहनाविषयीची स्त्रीची उत्कट इच्छा या संहितेत आहेच; तिचे तोंड मात्र नवऱ्याच्या घरापासून दूर वळलेले आहे. ही गाडी आकर्षक आहे ती सुटकेचे साधन म्हणून. मराठीतील वाहन-प्रतिमेचा कोणताही इतिहास ही ओवी वगळून सुरू होत असेल, तर तो अर्ध्या समाजाचा इतिहास असेल.

ओवीतील ही इच्छा कालबाह्य झालेली नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट लागू झाले, आणि बीडच्या बसस्थानकात पूर्वी न दिसणारी गर्दी दिसू लागली. माहेरी, दवाखान्यात, बाजाराला, देवीला आणि क्वचित कारणाशिवायही बायका प्रवास करू लागल्या. हे वाहन कोणा एकाच्या मालकीचे नाही, त्याच्या पाटीवर कोणाचे आडनाव नाही, ते कोणाला रिझवत नाही. तरीही वाहन आणि स्त्रीची इच्छा यांचा संबंध अभ्यासायचा, तर आरंभ येथून करावा लागेल. पोर्शमध्ये बसलेल्या तरुणाच्या लाळेतील संप्रेरक मोजण्याइतकेच कष्ट माजलगाव-बीड एसटीत खिडकीशी बसलेल्या बाईची प्रवासाची इच्छा समजण्यासाठी घेतले गेले असते, तर या विद्याशाखेचे निष्कर्ष आज वेगळे असते.

अंबाजोगाईच्या योगेश्वरीची आख्यायिका या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. परळीच्या वैजनाथाशी तिचे लग्न ठरले होते. मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले, आणि देवी कुमारिकाच राहिली. वऱ्हाडाची सर्व मिरवणूक निश्चेष्ट होऊन पडल्यावरही जिचे माहात्म्य उणे झाले नाही, अशा देवतेची पूजा करणाऱ्या प्रदेशाला स्त्रीचे मोल वऱ्हाडाच्या थाटावरून ठरत नाही हे परक्या देशातील प्रयोगांवरून शिकण्याची आवश्यकता नव्हती. तरी मांडवाच्या दाराशी फीत बांधलेली मोटार उभी राहतेच.

समीक्षेपुढील काम यातून ठरते. वाहनाच्या प्रतिमेला मनाच्या कायमस्वरूपी रचनेत बसवून मोकळे होणे सोडून, ती प्रतिमा कोणत्या व्यवहारात फिरते याचा माग काढला पाहिजे : दाता कोण, घेणारा कोण, पाहणारा कोण, आणि यादीत नाव नसलेली ती कोण. हे चार प्रश्न कथेला, कादंबरीला, चित्रपटाला, क्रमांकपाटीला आणि मानसशास्त्राच्या शोधनिबंधालाही सारखेच विचारता येतात. शोधनिबंधाला विचारले, की त्याच्या स्वयंवर-मंडपामागे उभे असलेले कन्यादान दिसू लागते. कथेला विचारले, की ज्याला आजवर शृंगार म्हटले गेले त्यातील रसाभास ओळखता येतो. हे प्रश्न न विचारणारी समीक्षा बुलेटच्या आवाजात पौरुषाचा ध्वनी ऐकत राहील, आणि त्या बुलेटचे हप्ते फेडण्यासाठी कोणाच्या बापाने किती उचल घेतली हे तिला कळणार नाही.